नाशिकचे कॅफे, केक आणि रोजचा पेहराव : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉलेज रोडवर राहणाऱ्यांपासून नुकतीच नाशिकला बदली झालेल्यांपर्यंत अनेकजण हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहिली आहेत. कॅफेंची नावं शक्यतो टाळली आहेत. आज चांगलं असलेलं ठिकाण सहा महिन्यांनी बंद होतं, नाहीतर तिथला केक करणारा बदलतो. नाव विसरलं तरी चालेल, पण भाग कुठला आणि काय बघून जायचं हे माहीत असलं की काम होतं.

१. कॅफेसाठी नाशिकमध्ये नेमकं कुठे जायचं?

आधी कोणासोबत जाताय ते ठरवा. कॅनडा कॉर्नर, थत्तेनगर, मॉडेल कॉलनी, महात्मानगर हा पट्टा कॉलेजच्या मुलामुलींचा. बीवायके, एचपीटी-आरवायके ही कॉलेजं जवळच असल्यामुळे जागा लहान, गाणी मोठ्या आवाजात आणि कोल्ड कॉफी सगळीकडे. मित्रमैत्रिणींसोबत मजा येते, पण निवांत बोलायचं असेल तर गंगापूर रोडला जेहान सर्कलच्या पुढे, आनंदवली-सोमेश्वरच्या दिशेने जा. तिकडे मोकळ्यावर मांडलेली टेबलं मिळतात, झाडं असतात आणि गाडी लावायला जागाही असते. कॉलेज रोडला संध्याकाळी सात ते नऊ चारचाकी नेऊच नका.

इंदिरानगर-गोविंदनगरचे कॅफे घरच्यांसोबत जायला बरे. नाशिकरोड आणि देवळाली कॅम्पला राहणाऱ्यांनी दर वेळी शहरात यायलाच हवं असं काही नाही. कॅम्पातल्या बेकरीतून गरम खारी आणि क्रीमरोल घेऊन घरच्या गॅलरीत चहा पिणं मला कित्येक कॅफेंपेक्षा जास्त आवडतं.

२. सकाळी आठ वाजता कॅफे उघडा मिळेल का?

बहुतेक ठिकाणी नाही, शटर दहा-अकराला उघडतं. नाशिकची सकाळ मिसळीची असते. रविवारी साधनासारख्या ठिकाणी चुलीवरची मिसळ खायची, तिथल्या गर्दीत तासभर जातोच, आणि मग अकराच्या सुमारास कॉफीला जायचं, असा क्रम लावला तर दोन्ही साधतं. फक्त तर्रीवर लगेच दुधाची गोड कॉफी पिऊ नका. काळी कॉफी घ्या किंवा थोडं चालून या.

३. मेनूतली कॉफीची नावं कळत नाहीत. काय मागवू?

सगळ्यांचं मूळ एकच. एस्प्रेसो म्हणजे दाबाखाली काढलेला, साधारण ३० मिलिलिटरचा कडक अर्क. त्यात गरम पाणी घातलं की अमेरिकानो. दूध आणि भरपूर फेस घातला की कॅपुचिनो, दूध जास्त आणि फेस कमी असेल तर लाटे. फ्लॅट व्हाइटमध्ये दूध लाटेपेक्षा कमी, त्यामुळे कॉफीची चव पुढे येते. कोल्ड ब्रू गार पाण्यात बारा तासांच्या आसपास भिजवून ठेवतात, म्हणून ती कमी आंबट लागते. तिचा आणि आइस्क्रीम घातलेल्या कोल्ड कॉफीचा काही संबंध नाही. गोड कोल्ड कॉफी समजून कोल्ड ब्रू मागवणारे आणि पहिल्याच घोटाला तोंड वाकडं करणारे लोक मी नेहमी बघते.

घरच्या दुधाच्या कॉफीची सवय असेल तर कॅपुचिनोपासून सुरुवात करा आणि साखर आधी न घालता एक घोट घेऊन बघा. 'दादा, जरा कडक करा' म्हटलं तरी चालतं, ते एस्प्रेसोचा एक शॉट जास्त घालतात. त्याचे पैसे वेगळे लागतात का, एवढं आधी विचारा.

४. सासूबाईंना कॅफेत न्यायचं आहे. त्यांना आवडेल का?

आवडेल, पण जागा त्यांचा विचार करून निवडायला हवी. बहुतेक कॅफेत उंच स्टूल, नाहीतर ज्यात माणूस रुतून बसतो असे सोफे असतात. गुडघे दुखणाऱ्या बाईला दोन्हींचा त्रास होतो. पाठ टेकता येईल अशी साधी लाकडी खुर्ची, तळमजला आणि स्वच्छ, जवळचं बाथरूम या गोष्टी एकदा स्वतः जाऊन बघून या. वेळ दुपारी चार-साडेचारची ठेवा. तेव्हा गर्दी नसते आणि गाण्यांचा आवाज कमी करायला सांगितलं तर ऐकतात.

मेनू इंग्रजीत असतो, तो त्यांच्या हातात देऊन गप्प बसू नका. पदार्थ काय आहे ते सांगा, किंमत मोठ्याने वाचू नका. 'एवढ्या पैशात घरी किती चहा झाला असता' ही चर्चा एकदा सुरू झाली की संध्याकाळ तिथेच संपते. एक टोस्ट सँडविच, एक केकचा तुकडा आणि चहा असं मागवा आणि वाटून खा. आणि त्यांच्या आवडीचंही काही करा. येताना मेन रोडला सायंतारात साबुदाणा वडा, किंवा सराफ बाजारात चांदीच्या दुकानात एक चक्कर. मग पुढच्या वेळी त्याच विचारतील, 'कधी जायचं गं?'

उपवासाच्या दिवशी मात्र कॅफेचा हट्ट नको. फ्राइज उपवासाला चालतील असं वाटतं, पण त्या ज्या तेलात तळतात त्यातच ब्रेड आणि मैद्याचे रोलही तळलेले असतात.

५. एगलेस केक खरंच एगलेस असतो का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो. श्रावणात तर रोज.

केकमध्ये अंडं घालायचं नसेल तर बेकर कंडेन्स्ड मिल्क, किंवा दही आणि सोडा, किंवा दूध आणि व्हिनेगर वापरतो. नाशिकमध्ये शाकाहारी गिऱ्हाईक इतकं आहे की बऱ्याच बेकऱ्या फक्त एगलेसच करतात. तिथे प्रश्नच येत नाही. खरा प्रश्न दोन्ही प्रकार करणाऱ्या ठिकाणी येतो. केक एगलेस असेल, पण भांडं तेच, ओव्हन तोच आणि शोकेसमध्ये कापायची सुरीही तीच. अंड्याच्या ब्राउनीवर फिरलेली सुरी न धुता तुमच्या पेस्ट्रीत शिरते. तुम्हाला चालत असेल तर ठीक, चालत नसेल तर 'एगलेस आहे ना?' एवढ्यावर थांबू नका. 'अंड्याचं वेगळं करता का?' असं विचारा.

दुसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे जिलेटिन. ते प्राण्यांच्या हाडांपासून आणि कातडीपासून बनतं. मार्शमेलो, न भाजलेले चीजकेक आणि काही मूस यांत ते असू शकतं. तेव्हा अंडं नाही म्हणजे पदार्थ शाकाहारी आहेच, असं समजू नका. त्याला पर्याय म्हणून समुद्री शेवाळापासून बनणारं अगर-अगर मिळतं आणि चांगले बेकर ते वापरतात. पाकीटबंद मालावर हिरवा ठिपका बघा. अंडं असलेल्या मालावर मांसाहारी खूण असते, चौकोनातला तपकिरी त्रिकोण.

६. 'फ्रेश क्रीम केक' म्हणजे दुधाचं क्रीम का?

बहुतेक वेळा नाही. बेकरीत पांढरंशुभ्र, टोकदार फुलं काढलेलं जे क्रीम दिसतं ते वनस्पती तेलाचं व्हिप टॉपिंग असतं. त्यात साखर आधीच घातलेली असते. ते फेटायला सोपं, स्वस्त, आणि उन्हात बराच वेळ टिकतं. दुधाचं क्रीम फेसाळायला त्यात निदान ३० ते ३५ टक्के स्निग्धांश लागतो. किराणा दुकानात मिळणाऱ्या साध्या क्रीमच्या डब्यात तो साधारण २५ टक्के असतो, म्हणून घरी कितीही फेटलं तरी ते उभं राहत नाही.

ओळखायचं कसं? एक चमचा नुसतं क्रीम जिभेवर ठेवा. दुधाचं असेल तर लगेच विरघळतं आणि मागे सायीची चव राहते. टॉपिंग असेल तर विरघळल्यावरही टाळूला मेणासारखा पातळ थर जाणवतो आणि गोडी रेंगाळते. रंगही बघा, दुधाचं क्रीम किंचित पिवळसर असतं.

टॉपिंग म्हणजे विष नव्हे. तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवर, म्हणजे हृदयाला अपायकारक अशा स्निग्धांशावर, जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे. पण 'फ्रेश क्रीम' म्हणून जास्त पैसे घेत असतील तर कुठलं क्रीम हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

७. नाशिकचा म्हणावा असा केक कुठला? द्राक्षांचा केक का मिळत नाही?

बाराही महिने डब्यातल्या अननसाचा केक खाण्यापेक्षा हंगामाचं फळ मागा, असं मी कोणालाही सांगेन. आपल्या जिल्ह्यात काय पिकत नाही? सुरगाणा तालुक्यातल्या आदिवासी शेतकऱ्यांची स्ट्रॉबेरी थंडीत येते, सापुताऱ्याच्या रस्त्यावर टोपल्या मांडून विकतात. ती महाबळेश्वरहून यायची वाट का बघायची? डाळिंब सटाणा-देवळ्याचं. पावसाळा सरता सरता सीताफळ, मग द्राक्षं, आणि उन्हाळ्यात आंबा.

द्राक्षांची अडचण पाण्याची. द्राक्ष कापून क्रीमच्या थरात घातलं की दोन तासांत पाणी सुटतं, क्रीम घसरतं आणि स्पंज ओला होतो. भाजताना पिठात घातलं तर ते तळाशी बसतं आणि त्याच्याभोवती पीठ कच्चं राहतं. म्हणून बेकर टाळतात. जमतं ते असं : बिनबियांची घट्ट द्राक्षं धुऊन फडक्यावर पूर्ण कोरडी करायची, अख्खीच ठेवायची आणि केक द्यायच्या आधी फक्त वर रचायची. काळ्या द्राक्षांचा घट्ट शिजवलेला मुरंबा थरात घातला तर फारच सुंदर लागतो, त्याच्या आंबटपणाने चॉकलेट खुलतं. बेकरीच्या काउंटरवर हे सांगून काही होणार नाही. घरून केक करणाऱ्या ताईंना चार दिवस आधी सांगा, त्या आनंदाने करतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये सांगा, तेव्हा द्राक्षं गोडही असतात आणि स्वस्तही.

८. घरून केक करणाऱ्यांकडून घ्यावा का? विश्वास कसा ठेवायचा?

जरूर घ्यावा. नाशिकमधले माझे आवडते केक घरच्या ओटीजीतून, म्हणजे छोट्या विजेच्या ओव्हनमधून, आलेले आहेत. घरून विकणाऱ्यांनाही अन्न सुरक्षा नोंदणी लागते. तिचा क्रमांक १४ आकडी असतो, तो विचारायला संकोच करू नका. पहिल्यांदाच मोठा केक सांगू नका, आधी चार कपकेक मागवून बघा. फोटो फार बघू नका, काल केलेल्या केकचा तुकडा आज कसा लागतो ते बघा.

९. अर्ध्या किलोचा केक किती जणांना पुरतो?

पाच-सहा जणांना. सोसायटीतली मुलं येणार असतील तर पंधरा जणांमागे दीड किलो धरा. फोंडंटचा, म्हणजे साखरेच्या लगद्याने मढवलेला केक असेल तर थोडा जास्त सांगा. वरचा थर मुलं काढून टाकतात आणि वजनात तोही मोजलेला असतो.

१०. मे महिन्यात नाशिकरोडहून गंगापूर रोडपर्यंत केक नीट कसा न्यायचा?

मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो. द्वारकेच्या सिग्नललाच किती वेळ जाईल सांगता येत नाही. त्या दिवसांत लोण्याचं क्रीम आणि खरं दुधाचं क्रीम टाळा, चॉकलेट गनाशचा, म्हणजे गरम क्रीममध्ये विरघळवलेल्या चॉकलेटचा लेप दिलेला केक सांगा, तो तग धरतो. केक दुकानातून निघताना पूर्ण गार असायला हवा. 'आत्ताच केलाय, एकदम ताजा' ही या बाबतीत चांगली बातमी नव्हे.

स्कूटरच्या हुकला पिशवी लटकवू नका. प्रत्येक गतिरोधकाला ती झुलते आणि केक खोक्याच्या भिंतीवर आदळतो. मागे बसणाऱ्याने खोका दोन्ही तळहातांवर सपाट धरावा. गाडीत असेल तर सीटवर ठेवू नका, सीट उतरती असते. पायाशी सपाट जागेवर, खाली ओला नॅपकिन घालून ठेवा म्हणजे सरकत नाही. एसी सुरू ठेवा.

११. आपला केक कॅफेत नेऊन कापता येतो का?

काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी त्याचे वेगळे पैसे घेतात. टेबल सांगतानाच विचारा.

पण एक कळकळीने सांगते. मेणबत्ती पेटलेली असताना फेसाचे फवारे उडवू नका. त्या डब्यांतला वायू पेट घेतो, आणि वाढदिवसाच्या मुलाचा चेहरा अगदी ज्योतीजवळ असतो. अशा घटना घडलेल्या आहेत. फवारे मुळात नकोतच.

१२. बिलात सर्व्हिस चार्ज लावला. द्यावाच लागतो का?

नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या : हॉटेलने सर्व्हिस चार्ज आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या नावाखालीही नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ च्या निकालात त्या उचलून धरल्या. शांतपणे 'हा काढून द्या' म्हणा. नाहीच ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. वाढणाऱ्या मुलाला मात्र हातात टीप द्या, ती त्याच्यापर्यंत पोचते.

जीएसटी वेगळा, तो द्यावा लागतो. साध्या कॅफेत तो ५ टक्के असतो, महागड्या खोल्यांच्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटमध्ये १८ टक्के असू शकतो. बेकरीतून नेलेल्या केक-पेस्ट्रीवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्क्यांवर आला. आणि ज्या छोट्या व्यावसायिकाने कंपोझिशन योजना, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने कर भरायची सोय, घेतली आहे त्याला गिऱ्हाइकाकडून जीएसटी वेगळा घेता येत नाही. तसं बिलावर छापलेलं असतं, वाचून बघा.

१३. कॅफेत जायला काय घालू? सगळे फार नटून येतात.

येऊ देत. नाशिकची हवा बघून कपडे घाला, तेच सगळ्यात छान दिसतात. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो आणि दुपारी ऊन चटकतं. त्यामुळे एकच जाड स्वेटर उपयोगाचा नाही. सुती कुर्त्यावर जाकीट किंवा शाल असे काढता-घालता येतील असे थर हवेत. मोकळ्यावर बसायचं असेल तर सूर्य मावळताच गारवा येतो, बॅगेत स्टोल हवाच. उन्हाळ्यात फिकट रंगाचं सुती किंवा मलमल. स्कूटरवर तोंडाला बांधायचा स्कार्फ आपण सगळ्याच जणी वापरतो. तो कुर्त्याशी जुळणारा निवडला तर कॅफेत सोडून गळ्यात टाकता येतो आणि वेगळी ओढणी लागत नाही. पावसाळ्यात लांब पलाझो नको, चिखलाने काठ भरतात, घोट्यापर्यंतची पँट बरी.

दागिना एकच, पण चांगला. सराफ बाजारातली चांदीची साधी अंगठी किंवा कानातले साडीवर, जीन्सवर, ऑफिसला, सगळीकडे चालतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. दर महिन्याला नवे नकली झुमके घेण्यापेक्षा मला ते जास्त शहाणपणाचं वाटतं.

१४. पैठणी रोजच्या वापरात, कॅफेत वगैरे नेसावी का?

येवला आपल्याच जिल्ह्यात आहे, मग लग्नाचीच वाट का बघायची? भरजरी नऊवारी कपाटात राहू दे. पण बारीक काठाची, छोट्या बुट्ट्यांची पैठणी किंवा पैठणीचा दुपट्टा साध्या हातमागाच्या कुर्त्यावर अतिशय खुलतो. आईची जुनी, घडीवर विरलेली पैठणी असेल तर तिचा काठ आणि पदर सोडवून सुती ब्लाउजला किंवा जाकिटाला लावा.

घेताना पदर उलटा करून बघा. हातमागावर विणलेल्या पदराची नक्षी मागून-पुढून जवळजवळ सारखी दिसते, मोर दोन्ही बाजूंनी मोरच असतो. यंत्रमागावरच्या साडीला मागे सुटे धागे दिसतात किंवा ते कापलेले असतात. यंत्रमागाची घेण्यात काही कमीपणा नाही, फक्त किंमत हातमागाची देऊ नका.

१५. कपड्यांवर कॉफी सांडली तर?

चोळू नका. सुती असेल तर कोरड्या टिशूने टिपा, मग गार पाणी मागच्या बाजूने सोडा. क्रीमचा डाग असेल तर पाणी नको, त्यावर टाल्कम पावडर टाकून अर्धा तास ठेवा आणि झटका. रेशीम असेल तर फक्त टिपा आणि दुसऱ्या दिवशीच ड्रायक्लीनला द्या, डाग कशाचा आहे ते सांगून.

१६. लॅपटॉप घेऊन किती वेळ बसलं तर चालतं?

सोमवार ते गुरुवार, दुपारी : दर दीड-दोन तासांनी काही मागवत राहिलात तर कोणी उठवत नाही. शनिवार-रविवार संध्याकाळी चौघांचं टेबल एकट्याने अडवू नका. अभ्यासासाठी शांतता हवी असेल तर सार्वजनिक वाचनालय आहे, १८४० पासूनचं.

१७. वायनरीत लहान मुलांना घेऊन, नुसतं खायला जाता येतं का?

हो. मोठ्या वायनरींत रेस्टॉरंट असतं आणि वाइन न घेताही बसता येतं. १९९९ साली सुरू झालेल्या सुला विनयार्ड्सपासून नाशिकला वाइनची ओळख मिळाली, आणि द्राक्षबागा बघायला मुलांनाही आवडतं. शनिवार-रविवारी मुंबईची गर्दी असते, आपण नाशिककरांनी मंगळवार-बुधवार गाठावा. बागेत मातीवर चालायचं असतं, टाचांच्या चपला नकोत. गाडी चालवणाऱ्याने वाइन घ्यायची नाही, यात तडजोड नाही.

१८. रंगपंचमीला आणि सिंहस्थात कॅफे सुरू असतात का?

नाशिकचा रंग धुळवडीला नाही, रंगपंचमीला असतो. जुन्या नाशकात पेशवेकालीन रहाडी, म्हणजे रंगाचे मोठे दगडी हौद, उघडतात. त्या दिवशी दुपारी तिकडे कॉफीचा बेत करू नका. कॉलेज रोडचे कॅफे उघडे असले तरी रंगलेल्या कपड्यांनी आत घेतीलच असं नाही, सोफे खराब होतात आणि त्यांचंही बरोबर आहे. घरी जाऊन, अंघोळ करून संध्याकाळी जा.

सिंहस्थ २०२७ मध्ये आहे. पर्वणीच्या दिवसांत पंचवटी, रामकुंड, रविवार कारंजा या बाजूला वाहनं सोडत नाहीत आणि शहरभर वळसे असतात. त्या दिवसांत वाढदिवस येत असेल तर केक आदल्या दिवशीच आणून फ्रीजमध्ये ठेवा, आणि तो घराच्या जवळच्या, चालत जाता येईल अशा बेकरीतून सांगा. गनाशचा केक दुसऱ्या दिवशी जास्तच मुरतो. ताज्या फळांचा मात्र तेव्हा नको, कारण प्रश्न ७ मध्ये दिलं आहे.